एका काचपेटींत दोन कुळें

नाशिकच्या एका वर्गणीदार भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांच्या दिवाणखान्यांत चार फूट लांबीची खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे, आणि तींत नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेल्या विदूषक माशांची, म्हणजे बाजारांत ज्यांस 'क्लाउनफिश' म्हणतात त्यांची, एक जोडी दोन वर्षें सुखानें नांदत आहे. परंतु धाकट्या दिरांचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. त्यांना याच पेटींत एक किरमिजी, एक टोमॅटोच्या रंगाचा आणि एक पाठीवर पांढरी रेघ असलेला, असे आणखी तीन प्रकारचे विदूषक आणून सोडावयाचे आहेत. भगिनी लिहितात : "आमच्या घरांत चौदा माणसें चार स्वभावांचीं एका छपराखालीं राहतात, मग पांच माशांना चार फूट जागा कां पुरूं नये, असें भाउजी विचारतात. त्यांस काय उत्तर द्यावें तें आपण सांगावें."

उत्तर एका शब्दाचें आहे, व तें 'नको' हें आहे. पण एका शब्दाच्या उत्तरानें कोणत्याहि दिराचें समाधान झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिवाय हें उत्तर आम्हांस पुस्तकांतून फुकट मिळालेलें नाहीं. त्याची किंमत आमच्या घरांतील एका जीवानें दिली. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

विदूषक मासे हे हिंदी महासागर व पश्चिम पॅसिफिक या उष्ण समुद्रांचे रहिवासी. अटलांटिकमध्यें ते मुळींच नाहींत. शास्त्रज्ञ त्यांच्या सुमारें तीस जाति मानतात. या सर्वांचें वैशिष्ट्य असें कीं, ते समुद्रफुलांच्या आश्रयानें राहतात. समुद्रफूल हें नांवाचेंच फूल. वस्तुतः तो एक मांसाहारी प्राणी असून त्याच्या हजारों बोटांना विषारी डंख असतात. इतर लहान मासे त्यांत सांपडले कीं संपले. विदूषक मात्र त्या बोटांच्या गादीवर खुशाल लोळतो. हा विलक्षण सहवास कथबर्ट कॉलिंगवूड नांवाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें १८६८ सालीं प्रथम लिहून ठेवला. समुद्रफुलांच्या जाति जगांत हजारावर आहेत, पण विदूषकांस थारा देणाऱ्या अवघ्या दहाच. आणि विदूषकाला पोहतां म्हणण्यासारखें पोहतां येत नाहीं. फुलापासून चार हात दूर गेला कीं कोणीहि मोठा मासा त्याला गिळतो. घर सोडणें म्हणजे मरणें, अशी त्याची स्थिति आहे. त्याच्या सर्व भांडखोरपणाचें मूळ येथें आहे, हें आमच्या वाचकांनीं मनांत धरून पुढें वाचावें.

एका फुलांत एक कुटुंब राहतें. त्यांत सर्वांत मोठी ती मादी; तिच्या खालोखाल तिचा नर; आणि त्यांच्या खालीं दोन-चार लहान मासे, जे नर नाहींत व मादीहि नाहींत, नुसते वाट पाहणारे. हीं लहानें त्या जोडप्याचीं मुलें असतील असें कोणासहि वाटेल, पण तसें नसतें. अंड्यांतून निघालेलीं पिलें प्रवाहाबरोबर वाहून जातात, दहाबारा दिवस उघड्या समुद्रांत भटकतात, व मग भलत्याच फुलाच्या दारीं येऊन उभीं राहतात. म्हणजे हें कुटुंब रक्ताचें नसून केवळ निवाऱ्याचें आहे. मादी मेली कीं तिचा नर कांहीं आठवड्यांत स्वतःच मादी होतो, आणि वाट पाहणाऱ्यांतला सर्वांत मोठा नर होतो. हान्स व सिमोने फ्रिके या शास्त्रज्ञ दांपत्यानें १९७७ सालीं हा प्रकार सप्रमाण मांडला. (२००३ सालीं निघालेला 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट आमच्या घरांतील मुलांनीं किती वेळां पाहिला त्याची गणती नाहीं. त्यांतील आई मेल्यावर बापानें पुढें काय व्हावयास हवें होतें, हें त्यांना आम्हीं अद्याप सांगितलेलें नाहीं.)

याहून नवलाची गोष्ट वाढीची आहे. पीटर बस्टन नांवाच्या संशोधकानें पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर 'पर्क्युला' जातीच्या विदूषकांचीं मोजमापें घेतलीं व २००३ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. त्यांत असें दिसलें कीं, रांगेंतील प्रत्येक मासा आपल्या वरच्याच्या सुमारें चार पंचमांश आकाराचा असतो, आणि तो तेवढाच राहतो. अन्न मिळत नाहीं म्हणून नव्हे. वरच्याच्या बरोबरीला येणें म्हणजे घराबाहेर हांकलून घेणें, म्हणून खालचा आपली वाढच आंवरून धरतो. वरची जागा रिकामी झाली कीं मग तो वाढूं लागतो. या माशांच्या माद्या तीस वर्षेंपर्यंत जगत असाव्यात असा याच संशोधकाचा अंदाज आहे; तेव्हां वाट पाहणाराची ही वाट किती लांबीची असेल याची कल्पना करावी.

या रांगेंत भांडण नाहीं असें नाहीं. मोठा लहानाच्या अंगावर धांवतो, दांतांवर दांत आपटून टकटक असा आवाज करतो. लहान काय करतो? तो एका कुशीवर कलतो आणि सर्व अंग थरथर कांपवतो. 'मी लहान आहें, मला राहूं द्या' असा त्याचा अर्थ. मोठ्याला तो कळतो व प्रकरण मिटतें. दिवसांतून दहा वेळां हें चालतें आणि रक्ताचा थेंबहि सांडत नाहीं. पेटींतील मासा कांपतांना पाहून पुष्कळ जण तो आजारी आहे असें समजतात व औषधें ओततात. तसें करूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. निराळ्या जातीचा विदूषक आणला तर काय होतें?

येथें सामान्य तर्क चुकतो. आपणांस वाटतें, परका दिसला कीं घरचा चवताळेल. प्रत्यक्षांत उलट आहे. जपानांतील ओकिनावा येथील विज्ञान संस्थेंत किना हायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीन पट्ट्यांचे विदूषक अंड्यापासून वाढविले. त्यांनीं आपल्या जातीवांचून दुसरा विदूषक कधीं पाहिलेला नव्हता. मग त्यांच्या पेटींत निरनिराळ्या जातींचे मासे पारदर्शक डबींत घालून सोडले, आणि पुढें नुसत्या रंगविलेल्या तबकड्या सोडल्या. एक साधी नारिंगी, एक एका पट्ट्याची, एक दोन पट्ट्यांची, एक तीन पट्ट्यांची. घरच्या माशांनीं सर्वांत अधिक हल्ले केले ते स्वतःप्रमाणें तीन पट्टे असणारावर. साध्या नारिंगी तबकडीकडे त्यांनीं फारसें लक्षच दिलें नाहीं. २०२४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला, आणि मासे पट्टे मोजतात कीं काय असा एकच गवगवा झाला. आम्हांस त्यांतील मर्म निराळें वाटतें. आपल्या फुलावर व आपल्या जोडीदारावर हक्क सांगणारा जो असेल तोच खरा प्रतिस्पर्धी, आणि तो बहुधा आपल्यासारखाच दिसतो. परका आला तर घरचा मासा प्रथम त्याला प्रतिस्पर्धी म्हणून ओळखीतच नाहीं.

म्हणजे स्वजातीशीं भांडण लौकर जुंपतें, पण तें मिटविण्याची रीतहि दोघांना ठाऊक असते. कांपणें, लहान राहणें, वाट पाहणें, शेवटीं जोडी जमणें. परजातीशीं आरंभीं शांतता असते, पण ती तडजोडीची शांतता नव्हे. ती केवळ दुर्लक्षाची असते. दुकानदार नवा मासा विकतांना 'पाहा, कसे गुण्यागोविंदानें राहताहेत' असें म्हणतो, तें या पहिल्या पंधरवड्याच्या भरंवशावर.

आमच्या घरीं असाच पंधरवडा येऊन गेला. आमच्या पेटींत 'ओसेलॅरिस' जातीची एक जोडी होती. तिचें वास्तव्य चार वर्षांचें. मुलांनीं मोठीचें नांव ताई व धाकट्याचें बंडू असें ठेवलें होतें. तीं दोघें नवराबायको आहेत हें नांवें ठेवतांना कोणास ठाऊक नव्हतें, आणि पुढें कळल्यावर नांवें बदलण्यास मुलें तयार झालीं नाहींत. आषाढांत आमचा पुतण्या मुंबईहून येतांना एका दुकानांतून अंगठ्याच्या पेराएवढें एक किरमिजी विदूषकाचें पिलूं घेऊन आला. दोन्ही क्लाउनच, एकत्र राहतात, असें त्याला दुकानांत सांगण्यांत आलें होतें. आम्हीं थोडें चौकशीनें वागावयास हवें होतें. पण पिलूं इतकें सुंदर होतें, गर्द डाळिंबी अंगावर पांढऱ्या रेघा अशा रेखीव होत्या, कीं आम्हीं तें त्याच संध्याकाळीं पाण्यांत सोडलें.

ताईनें त्याच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. पिलूं पंपाजवळच्या कोपऱ्यांत राहूं लागलें. येणाऱ्याजाणाऱ्यांस आम्ही ती पेटी अभिमानानें दाखवूं लागलों, आणि लोक म्हणतात तसे हे मासे भांडखोर नाहींत, सर्व कांहीं संवयीवर आहे, असें एकदोघांस सांगितल्याचेंहि आम्हांस आठवतें. आश्विनापर्यंत पिलूं ताईच्या निम्म्यानें झालें. तें ताईसमोर कधीं कांपलें नाहीं, आणि लहान राहण्याची त्याला कांहीं गरज वाटली असेंहि दिसलें नाहीं. किरमिजी विदूषकाची मादी वीतभराला थोडीच कमी होते. ओसेलॅरिसची मादी चार बोटांची. माघांत तो ताईच्या बरोबरीला आला, आणि ज्या उपड्या कुंडींत तीं दोघें रात्रीं निजत असत ती कुंडी एके दिवशीं त्याची झाली.

हें सर्व आमच्या डोळ्यांसमोर घडलें, पण पाहिलें तें आमच्या मातोश्रींनीं. त्या सकाळीं देवपूजा झाल्यावर पेटीपुढें खुर्ची टाकून बसत व माशांना दाणे घालीत. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "बंडू पंगतीला येत नाहीं." आम्ही म्हणालों, "आई, तो मुळांतच लाजाळू आहे, मागाहून खात असेल." चार दिवसांनीं त्या पुनः म्हणाल्या, "अरे, तो वरच्या कोपऱ्यांत पाण्याला लागून उभा असतो, आणि त्याच्या शेपटीची किनार झिजली आहे." आम्हीं चष्मा लावून पाहिलें, पर थोडे फाटलेले दिसले, आणि बाजारांतून औषध आणावें असें ठरविलें. औषध शनिवारीं आणावयाचें होतें. शुक्रवारीं सकाळीं केर काढतांना बंडू पेटीच्या मागें जमिनीवर सांपडला. झांकणाला नळीसाठीं दोन बोटांची फट ठेवलेली होती. तींतून त्यानें उडी घेतली होती. मातोश्रींनीं त्या दिवशीं कोणास कांहीं बोलून दाखविलें नाहीं. आम्हांला मात्र त्यांनीं एकदां तरी बोलावें असें वाटत होतें.

समुद्रांत हारलेला मासा दुसरें फूल शोधावयास निघतो. पुष्कळ वेळां वाटेंतच मरतो, पण निघतो तरी. काचेच्या पेटींत निघून जावयास जागा नसते. चार फूट लांबी आपल्या दृष्टीला पुष्कळ वाटते. किरमिजी मासा ती दोन क्षणांत पार करतो. नाशिकच्या भाउजींनीं घरांतील चौदा माणसांचा दाखला दिला आहे, त्याचें उत्तर यांत आहे : त्या चौदांपैकीं ज्यास कंटाळा येईल तो गच्चीवर जातो, माहेरीं जातो, निदान मंडईंत तरी जातो.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगणें अवश्य वाटतें. 'जाति' हा शब्द आम्ही प्राणिशास्त्राच्या अर्थानें वापरीत आहों. ज्यांस या लेखांतून मनुष्यांच्या जातींविषयीं कांहीं सिद्धान्त काढावयाचा असेल त्यांनीं कृपा करून तसें करूं नये. मनुष्य ही सर्व मिळून एकच जाति आहे, आणि हे मासे तर सर्वांत अधिक चावतात ते आपल्यासारख्याच दिसणारांना.

मग समुद्रांत दोन जाति एका फुलांत कधींच राहत नाहींत काय? राहतात. इंडोनेशिया, पापुआ न्यू गिनी या भागांत विदूषकांच्या जाति अधिक व त्यांना आसरा देणाऱ्या फुलांच्या जाति कमी असल्यामुळें तेथें असा शेजार पुष्कळदां दिसतो. पण तो कोणाचा, हें पाहण्यासारखें आहे. बहुधा एक मोठी, अंगापिंडानें भक्कम जाति, आणि दुसरी 'स्कंक' गटांतील, म्हणजे पाठीवर एकच पांढरी रेघ असणारी, लहान व सौम्य जाति. मोठी फुलाबाहेर दूरवर फिरते. लहान फुलाच्या बोटांतून सहसा निघत नाहीं. दोघींचें खाणें, फिरणें, आकार निराळे म्हणून निभतें. तरीहि तें फुकट नसतें. ओकिनावाच्या समुद्रांत अकिहिसा हातोरी यांनीं 'क्लार्काय' व 'पेरिडेरायन' या दोन जाति एका फुलांत राहतांना अभ्यासिल्या, तेव्हां मोठीच्या दाबाखालीं लहानीची वाढ व वंशवृद्धि खुंटते असें त्यांना आढळलें. हें झालें हातभर पसरलेल्या जिवंत फुलावर, उघड्या समुद्रांत. तेंच चित्र कांचेंत उतरवूं पाहणें धाडसाचें आहे.

सर्व जाति सारख्याच तापट नाहींत, हेंहि खरें. किरमिजी विदूषक सर्वांत वाईट. डोळ्याखालीं गालावर त्याला एक कांटा असतो, व तो जाळ्यांत अडकतो हें आम्ही अनुभवानें सांगतों. त्याला एकटें किंवा जोडीनें, स्वतंत्र पेटींतच ठेवावें. टोमॅटो विदूषक, दालचिनी विदूषक व क्लार्काय हे त्याच्या खालोखाल. वय वाढेल तसे अधिक तापट. स्कंक गटांतले मवाळ, आणि म्हणूनच दुसऱ्या जातीबरोबर ठेविले असतां मार खाणारे. ओसेलॅरिस व पर्क्युला हे त्यामानानें सोशिक.

या शेवटच्या दोघांविषयीं अपवाद सांगितला पाहिजे. दोन्ही नारिंगी, दोघांना तीन पांढरे पट्टे. एका दृष्टिक्षेपांत फरक कळत नाहीं. ओसेलॅरिसच्या पाठीवरच्या परांत बहुधा अकरा कांटे असतात, पर्क्युलाच्या दहा. एक अंदमानापासून फिलिपाइन्स व जपानच्या दक्षिण बेटांपर्यंतचा, दुसरा न्यू गिनी, सॉलोमन बेटें व उत्तर क्वीन्सलंडचा. समुद्रांत त्यांची गांठ सहसा पडत नाहीं. पेटींत मात्र ते एकमेकांची भाषा ओळखतात, कांपतात, रांग लावतात, जोडीहि जमवितात. तेव्हां दोन जाति एकत्र ठेवावयाच्याच असतील तर एवढी एकच जोडी निभेल. पण त्यांची संतति संकरित होते, व ती पुढें शुद्ध ओसेलॅरिस म्हणून विकली गेली तर घेणाराची फसगत होते. म्हणून घरीं पिलें वाढविण्याचा मनोदय असणारांनीं हा मार्ग धरूं नये असें आमचें मत आहे. शिवाय डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसणार. मग मिळविलें काय?

पेटींत अनेक विदूषक हलतांना पाहण्याची हौस असेल तर तीहि पुरवितां येते, पण एकाच जातीनें. ओसेलॅरिसचीं सारख्या वयाचीं सहा-आठ लहान पिलें एकाच दिवशीं मोठ्या पेटींत सोडावीं; जुनी जोडी जेथें राज्य करीत आहे तेथें नव्हे. त्यांची रांग आपोआप लागते. तरीहि कांहीं महिन्यांनीं जोडी जमली कीं बाकीच्यांवर दांडगाई होऊं शकते, यास्तव त्यांना हलविण्याची दुसरी जागा आधींच सिद्ध ठेवावी. साध्या घरीं दोन मासे, एक मोठा व एक लहान, हाच उत्तम बेत. दोन्ही पिलें असतानाच आणलीं तर कोण मादी व कोण नर ही चिंता दुकानदारानेंहि करूं नये व आपणहि करूं नये. तें त्यांचें ते ठरवितात.

पाण्याविषयीं थोडक्यांत. मिठाचें प्रमाण इतकें असावें कीं विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६ भरेल, उष्णमान २५ ते २७ अंश. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन माशांस घातक आहे, तेव्हां गाळणयंत्राचें शुद्ध पाणी वापरावें. नव्या पेटींत अमोनिया पचविणारे सूक्ष्म जीव वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात; तोंवर मासा आणूं नये, मुलें कितीहि मागें लागलीं तरी. वैशाखांत पुण्यामुंबईकडे पाणी तीस अंशांच्या वर जातें; शीतयंत्र नसेल तर पाण्यावर लहान पंखा लावावा, दोनतीन अंश उतरतात. पंख्यानें जें पाणी आटेल त्याच्या जागीं गोडें पाणी घालावें, खारें नव्हे. मीठ आटत नाहीं. समुद्रफूल आणण्याची घाई करूं नये. त्याला प्रखर प्रकाश व जुनें, स्थिरावलेलें पाणी लागतें, तें जागा बदलीत हिंडतें व पंपांत ओढलें जाऊन सगळी पेटी नासवितें. पेटींत जन्मलेला विदूषक मातीच्या उपड्या कुंडींतहि संतोषानें संसार करतो. आणि झांकणाला फट ठेवूं नये.

मासा समुद्रांतून धरलेला न घेतां पैदास केलेला घ्यावा. विदूषक हा खाऱ्या पाण्याच्या शोभेच्या माशांपैकीं पेटींत सहज अंडीं घालणारा आहे. आपल्याकडील केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेनेंहि ओसेलॅरिस व पर्क्युला यांची पैदास यशस्वी करून दाखविली आहे. समुद्रांतून एक मोठी मादी उचलली कीं त्या फुलांतील सगळी रांग विस्कटते, हें वर सांगितलेंच. पैदाशीचा मासा दाणे लगेच खातो, रोगहि कमी आणतो.

भाउजींनीं किरमिजी मासा अगोदरच पसंत करून पैसे दिले असतील, असा आम्हांस पत्राच्या सुरावरून संशय येतो. तसें असेल तर त्यासाठीं दुसरी पेटी घ्यावी; मोठा होणारा मासा आहे, तेव्हां तीन फुटांहून लहान नको. खर्च नको असेल तर दुकानदारास तो परत घेण्याविषयीं विचारावें. चार फुटांच्या पेटींत मध्यें कांच घालून दोन भाग करण्याचा सल्लाहि कोणी देतील. तो तात्पुरता ठीक. पण त्यांना एकमेकांचें तोंड सदोदित दिसणार नाहीं अशी कांहीं तरी आडोशाची व्यवस्था करावी.

आमच्या पेटीचें पुढें काय झालें तें सांगून हें पत्रोत्तर पुरें करतों. किरमिज्याला धरण्यास दोन तास लागले, सर्व दगड बाहेर काढावे लागले, आणि तो आतां एका स्नेह्यांच्या घरीं एकटाच आनंदानें आहे. ताई दोन महिने एकटी राहिली. मग आम्हीं एक इंचाचें, पेटींत जन्मलेलें ओसेलॅरिसचें पिलूं आणलें. या वेळीं तें भोंकें पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डबींत घालून दहा दिवस पेटींतच लोंबकळत ठेविलें, व अकराव्या दिवशीं रात्रीं दिवे मालवून सोडलें. सकाळीं पाहतों तों ताई त्याच्या अंगावर धांवून जात आहे, आणि तें कुशीवर कलून असें कांपत आहे कीं मुलें घाबरलीं. आम्ही घाबरलों नाहीं. तिसऱ्या दिवशीं दोघें कुंडींत निजलीं. मुलें याचेंहि नांव बंडूच ठेवणार होतीं. मातोश्री नको म्हणाल्या. अजून त्याला नांव नाहीं. पण गेल्या आठवड्यापासून तो कुंडीची एक बाजू तोंडानें घांसून स्वच्छ करीत आहे, आणि अंडीं घालण्यापूर्वीं हे मासे असेंच करतात. पंगतीला तो रोज असतो. मातोश्री मोजून पाहतात.